तोच कोड, तोच सीड, पण घरं वेगळी निघाली

परवा एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, व्हर्जन कंट्रोल म्हणजे कोड लिहिणाऱ्यांचं काम ना? मी तर सर्व्हे करणार आहे." तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते. पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा हाच समज असतो. माझाही होता. तो मोडला जव्हार तालुक्यात, एका पाड्यावर, भर दुपारी.

माझा विषय हंगामी स्थलांतर. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं पावसाच्या आधी गावी परततात, म्हणून पहिली फेरी मी २०१९ च्या मे महिन्यात केली. पाड्यांवरच्या घरांची यादी आधी तयार केली आणि त्यातून २५ घरं निवडायचं काम 'आर' या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामवर सोपवलं. अशी निवड करताना आपण एक सीड देतो, म्हणजे एक आकडा. तोच आकडा पुन्हा दिला की तीच निवड पुन्हा मिळते, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. मी सीड दिला १६६४. आदल्या संध्याकाळी शिरपामाळावर गेले होते. सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज तिथे थांबले होते आणि जव्हारच्या विक्रमशाह राजांनी त्यांचं स्वागत केलं, असं तिथे सांगतात. आकडा डोक्यात होता, तोच टाकला.

दुसरी फेरी व्हायची होती त्याच २५ घरांची. मधे लॉकडाऊन आला, जुना लॅपटॉप बंद पडला, त्याची हार्ड डिस्कही गेली. घरांची मूळ यादी आणि आरमधली स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर होती, निवडलेल्या २५ घरांची यादी मात्र नव्हती. मला काळजी वाटली नाही. सीड आहे, स्क्रिप्ट आहे, पुन्हा चालवू. नव्या लॅपटॉपवर डेबियन ११ टाकलं, स्क्रिप्ट चालवली, २५ घरं आली, प्रिंट काढली आणि निघाले.

दुसऱ्याच घराशी सोबतचे दादा थबकले. म्हणाले, "मॅडम, हे घर आपण केलंच नव्हतं. आपण त्या खालच्या अंगाला गेलो होतो." मला वाटलं, दादांचा घोटाळा होतोय. संध्याकाळी पहिल्या फेरीचे भरलेले फॉर्म उघडले. दादा बरोबर होते. दोन याद्यांत जुळणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

इथे नेमकं काय पणाला लागलं होतं ते समजून घ्या. पहिल्या फेरीची घरं कोणती ते फॉर्मवरून कळतच होतं, त्यामुळे दुसरी फेरी अडली नसती. पण प्रबंधात मी लिहिणार होते की ही घरं यादृच्छिक पद्धतीने, १६६४ हा सीड देऊन निवडली. परीक्षकाने ती स्क्रिप्ट आपल्या मशीनवर चालवली तर त्याला वेगळी घरं मिळणार. मग तो सरळ विचारू शकतो: ही घरं सीडने निवडली की रस्त्याला लागून होती म्हणून? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काय बदललं होतं

कोड तोच, सीड तोच, यादी तीच. बदललं होतं आरचं व्हर्जन. एप्रिल २०१९ मध्ये आर ३.६.० आलं आणि त्यात यादृच्छिक निवड करणाऱ्या 'सॅम्पल' या फंक्शनची आतली रीत बदलली. आधीची रीत अशी: शून्य ते एकमधला एक आकडा घ्यायचा, त्याला घरांच्या संख्येने गुणायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा. यादी फार मोठी असेल तर या रीतीत काही क्रमांकांना किंचित जास्त संधी मिळते. ती त्रुटी काढण्यासाठी नवी रीत आणली. बदल योग्यच होता. पण त्यामुळे तोच सीड देऊनही निवड वेगळी येऊ लागली.

माझी पहिली फेरी मे २०१९ ची, म्हणजे नवं आर तेव्हा आलेलं होतं. मग जुन्या लॅपटॉपवर कोणतं आर होतं? डिस्क तर गेली. वहीत व्हर्जन लिहून ठेवायचं मला सुचलं नव्हतं. एवढं आठवत होतं की त्यावर उबुंटू १८.०४ होतं, कारण ज्या पेनड्राइव्हवरून ते टाकलं तो अजून ड्रॉवरमध्ये पडला होता.

आणि तेवढंच पुरेसं ठरलं. उबुंटू १८.०४ च्या भांडारात आर ३.४.४ आहे. मी आर कुठून वेगळं आणून टाकलं नव्हतं, वितरणातलंच वापरलं होतं. संगणकाच्या आत एक आभासी संगणक तयार केला, त्यावर १८.०४ चढवलं, आर घेतलं, स्क्रिप्ट चालवली. २५ पैकी २५ घरं फॉर्मशी जुळली. त्या रात्री मला झोप लागली. (नव्या आरमध्येही जुनी रीत मागता येते: 'आरएनजीकाइंड' या फंक्शनला 'राउंडिंग' सांगायचं. आर एक इशारा छापतं, पण यादी जुनीच देतं. हे मला नंतर कळलं.)

मला वाचवलं ते माझ्या शिस्तीने नाही. कुणीतरी दुसऱ्याने 'या वितरणाच्या या आवृत्तीत या प्रोग्रामचं हे व्हर्जन' अशी नोंद काटेकोर ठेवली होती, म्हणून मी वाचले. ती नोंद ते लोक कशी ठेवतात हे बघायला गेले आणि बरंच काही शिकले.

पॅकेजच्या आत काय असतं

लिनक्सच्या वितरणात प्रत्येक प्रोग्राम पॅकेज म्हणून येतो. आपल्याला दिसते ती एक फाइल, जी टाकली की प्रोग्राम चालू होतो. पण ही फाइल म्हणजे शिजलेला भात. तो शिजवणाऱ्यांकडे वेगळ्या तीन गोष्टी असतात.

पहिली, मूळ लेखकांनी दिलेला सोर्स कोड. याला अपस्ट्रीम म्हणतात, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला असलेला. तो बहुतेक वेळा एका गाठोड्यात, टारबॉलमध्ये, येतो. दुसरी, वितरणाने स्वतः लिहिलेली कृती: हा प्रोग्राम कसा बांधायचा, त्याला आणखी कोणती पॅकेजं लागतात, परवाना कोणता. डेबियनमध्ये ही सगळी कृती 'डेबियन' नावाच्या एका फोल्डरमध्ये राहते आणि त्यात 'कंट्रोल', 'रूल्स', 'चेंजलॉग', 'कॉपीराइट' अशा फाइली असतात. तिसरी, मूळ कोडमध्ये वितरणाने केलेल्या दुरुस्त्या, म्हणजे पॅचेस.

व्हर्जनचा आकडाही हेच सांगतो. डेबियन ११ मध्ये आरचं व्हर्जन दिसतं ४.०.४-१. आडव्या रेघेच्या आधीचं ४.०.४ हे मूळ लेखकांचं. नंतरचा १ हा डेबियनचा. उद्या आरचा कोड तोच राहिला आणि डेबियनने फक्त बांधण्याची कृती सुधारली, तर ते ४.०.४-२ होईल. तुम्ही प्रबंधात नुसतं 'आर ४' लिहिता तेव्हा यातलं जवळजवळ सगळं गाळलेलं असतं.

आता प्रश्न असा. मूळ लेखक दर काही महिन्यांनी नवं गाठोडं सोडतात. तुमच्या कृतीत बदल होत राहतात. पॅचेसपैकी काही मूळ लेखक स्वीकारतात, काही जुने होतात, काही नव्या कोडवर बसेनासे होतात. शिवाय तुम्ही एकाच वेळी तीन आवृत्त्या सांभाळता: स्थिर, चाचणीतली आणि रोज बदलणारी. हे सगळं 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा फोल्डरांत ठेवून बघा. आपण प्रबंधाची प्रकरणं अशीच ठेवतो, हे वेगळं सांगायला नको.

तीन धागे वेगळे ठेवायचे

डेबियनचे बरेच लोक गिट वापरतात आणि त्यावर 'गिट-बिल्डपॅकेज' नावाचं साधन. लिनस टोरवाल्ड्सने गिट २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलं, हे तुम्ही वाचलेलं असेल. आपल्या कामाची गोष्ट त्यातल्या फांद्यांची आहे.

एका फांदीवर फक्त अपस्ट्रीमचा कोड ठेवायचा. त्यावर स्वतःचं एक अक्षरही लिहायचं नाही. नवं गाठोडं आलं की ते या फांदीवर उतरवायचं आणि त्याला खूण लावायची, समजा 'अपस्ट्रीम/४.०.४'. दुसरी फांदी डेबियनची. तिथे अपस्ट्रीमची फांदी विलीन करायची आणि 'डेबियन' फोल्डरमधले बदल करायचे. पॅकेज तयार होऊन भांडारात गेलं की तिथेही खूण: 'डेबियन/४.०.४-१'. या दोन खुणांमधला फरक गिटला विचारला की एका क्षणात उत्तर मिळतं: मूळ लेखकांनी दिलेल्यात डेबियनने नेमकं काय बदललं.

तिसरीही एक फांदी असते, प्रिस्टिन-टार. तिची गंमत अशी. गिटमधल्या फाइली पुन्हा गाठोड्यात बांधल्या तर आतला मजकूर तोच असतो, पण गाठोडं बाइट-न्-बाइट तेच असेल असं नाही. कॉम्प्रेशनची पातळी, फाइलींचा क्रम, तारखा, काहीही बदलतं, आणि मग चेकसम जुळत नाही. म्हणून मूळ गाठोडं जसंच्या तसं पुन्हा बनवायला जो छोटासा फरक लागतो, तेवढा या फांदीवर साठवतात. मला आधी हा अतिरेक वाटला होता. माझ्या २५ घरांनंतर नाही वाटला.

बदलाची नोंद दोन ठिकाणी होते. गिटमध्ये प्रत्येक कमिटचा संदेश असतो, तो काम करणाऱ्यांसाठी. 'डेबियन/चेंजलॉग' ही फाइल मात्र पॅकेजबरोबर तुमच्या मशीनवर येते, ती वापरणाऱ्यांसाठी. कमिट संदेशांवरून चेंजलॉगचा मसुदा आपोआप तयार करता येतो, पण तो तसाच सोडायचा नसतो. 'टायपो दुरुस्त', 'पुन्हा टायपो दुरुस्त' हे वापरणाऱ्याला नको असतं. त्याला हवं असतं, 'या बदलाने तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो.' माझ्या मते संशोधनाच्या नोंदींतही हा भेद पाळावा. रोजची वही वेगळी, आणि मार्गदर्शकांना किंवा परीक्षकांना द्यायचा बदलांचा तक्ता वेगळा.

सगळी वितरणं असंच करतात असं नाही. फेडोराने जुलै २०१० मध्ये आपली पॅकेजं सीव्हीएस या जुन्या साधनातून गिटमध्ये आणली. त्यांच्याकडे गिटमध्ये फक्त कृतीची 'स्पेक' फाइल आणि पॅचेस असतात. मूळ गाठोडं बाहेर वेगळ्या साठ्यात राहतं आणि गिटमध्ये त्याचा फक्त हॅश असतो. त्यामुळे भांडार हलकं राहतं. जेंटू २०१५ मध्ये गिटवर आलं, फ्रीबीएसडीची पोर्ट्स २०२१ मध्ये, आर्च २०२३ मध्ये. म्हणजे ज्यांना आपण या क्षेत्रातले जाणकार म्हणतो, त्यांनाही यायला वेळ लागला. तुम्हाला अजून गिट जमत नसेल तर लाजू नका.

मराठी 'ल' आणि 'श' चं पॅकेज

आपल्या जवळचं एक उदाहरण बघू. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. हिंदीत या दोन्ही अक्षरांची वळणं वेगळी असतात. युनिकोडच्या दृष्टीने मात्र अक्षर एकच, कोडही एकच. वळण कोणतं दिसणार हे फॉन्ट ठरवतो.

लोहित हे रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले भारतीय भाषांचे फॉन्ट. त्यांच्यावर रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं. ओपनटाइप फॉन्टमध्ये 'भाषा मराठी असेल तर हे वळण दाखव' अशी सोय करता येते. पण ती चालायला मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रामने फॉन्टला सांगावं लागतं, आणि कित्येक प्रोग्राम ते सांगतच नाहीत. डेबियनमध्ये आज 'फॉन्ट्स-लोहित-देवा' आणि 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी' अशी दोन वेगळी पॅकेजं आहेत. मराठी नावाचं पॅकेज टाकलं आणि तो फॉन्ट निवडला की प्रोग्राम काहीही सांगो वा न सांगो, वळण मराठीच.

हे इथे का सांगते? माझी प्रश्नावली मराठीत छापलेली आहे. फॉन्ट बदलला की नुसतं वळण बदलत नाही, ओळी सरकतात. तिसऱ्या पानावरचा शेवटचा प्रश्न चौथ्या पानावर जातो आणि 'पान ३ वरचे प्रश्न फक्त स्थलांतरित कुटुंबांना' ही सूचना चुकीची ठरते. म्हणजे फॉन्टचं पॅकेजसुद्धा माझ्या संशोधनाच्या साधनांत मोडतं. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

दुसरं कारण गिटशी जोडलेलं. तयार फॉन्टची टीटीएफ फाइल बायनरी असते. तिच्या दोन व्हर्जनमध्ये काय बदललं हे गिट सांगू शकत नाही, फक्त 'बदललं आहे' एवढंच सांगतं. लोहितची मूळ फाइल मात्र फॉन्टफोर्जच्या एसएफडी या साध्या मजकुराच्या स्वरूपात आहे, आणि जोडाक्षरांचे नियमही वेगळ्या मजकूर-फाइलीत ठेवता येतात. त्यामुळे एखादं जोडाक्षर कधी आणि का बदललं हे ओळीने वाचता येतं. तुमचा डेटा एक्सेलच्या फाइलीत असेल तर हाच विचार करा. सीएसव्हीमध्ये एका घराचं उत्तर दुरुस्त केलं तर गिट ती एक ओळ दाखवेल. एक्सेलच्या फाइलीत काहीच कळणार नाही.

पॅच एका ढिगात टाकला तर

आता दोन वाईट प्रसंग. दोन्ही गाजलेले आहेत आणि दोन्ही पॅकेजचेच.

पहिला २००६ ते २००८ चा. डेबियनमध्ये ओपनएसएसएल या, गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या लायब्ररीच्या कोडमधली एक ओळ दोन ठिकाणी बंद केली गेली, कारण दोष शोधणारं एक साधन तिच्यामुळे सारखं तक्रार करत होतं. हेतू चांगला होता. पण त्या ओळीबरोबर किल्ल्यांमध्ये मिसळला जाणारा यादृच्छिकपणाही गेला. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो असतो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या किल्ल्या तेवढ्याच, कुणीही बसून सगळ्या करून बघाव्यात. मे २००८ मध्ये हे उघड झालं. जवळजवळ वीस महिने ते पॅकेज जगभर चालू होतं.

त्या काळी डेबियनच्या पॅकेजमध्ये मूळ कोडवरचे सगळे बदल एकाच मोठ्या फरक-फाइलीत जात. त्यात कृतीही, दुरुस्त्याही, सगळं एका ढिगात. मूळ लेखकांनी ती फाइल उघडली असती तरी त्यातून ती एक धोकादायक ओळ वेगळी काढणं सोपं नव्हतं. आता रूढ असलेल्या स्वरूपात प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या पॅच-फाइलीत असते आणि फाइलीच्या माथ्यावर लिहायचं असतं: हा बदल काय आहे, कुणी केला, मूळ लेखकांना कळवला का. गिट-बिल्डपॅकेज प्रत्येक पॅचचा एक कमिट करून दाखवतं, म्हणजे नवं व्हर्जन आलं की पॅच एकेक करून बसवता येतो आणि नेमका कोणता अडला ते दिसतं.

'मूळ लेखकांना कळवला का' ही ओळ मला फार आवडते. डेटा साफ करताना आपणही असे पॅच मारतो. 'वय १२० लिहिलंय, २१ असणार,' म्हणून बदलून टाकतो. ज्याने फॉर्म भरला त्याला विचारलं का?

दुसरा प्रसंग मार्च २०२४ चा. एक्सझी ही कॉम्प्रेशनची छोटी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी चोरदरवाजा लपवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला आणि त्या धाग्यावरून त्याने तो शोधला. आपल्या विषयाशी जोडलेला भाग असा: दुष्ट कोडचे तुकडे चाचणीच्या बायनरी फाइली म्हणून गिटमध्ये होते, पण ते जागे करणारी फाइल गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त सोडलेल्या गाठोड्यात होती. वितरणांनी नेहमीप्रमाणे गाठोडं घेतलं. गिटचा इतिहास वाचणाऱ्याला ती फाइल कधी दिसलीच नसती.

म्हणजे इतिहास गिटमध्ये आहे, पण वापरलं जातं ते दुसरंच काहीतरी, अशी फट राहिली की सगळी शिस्त फुकट. आपल्याकडे ही फट कुठे असते सांगू? स्क्रिप्ट गिटमध्ये असते, आणि प्रबंधातला तक्ता कधीतरी हाताने दुरुस्त केलेला असतो.

डेबियनने यातून मागे कसं यायचं तेही बघण्यासारखं आहे. पॅकेजचं व्हर्जन कमी करता येत नाही, कारण लोकांची मशीनं मोठ्या आकड्यालाच नवं मानतात. म्हणून त्यांनी जुना ५.४.५ चा कोड नव्या नावाने सोडला: ५.६.१+रिअली५.४.५-१. दिसायला विचित्र, पण त्यात काही लपवलेलं नाही. आकडा पुढे गेला, आतला माल खरोखर जुना, आणि नावातच तसं लिहिलेलं.

आम्ही काय केलं

आमच्या सर्व्हेसाठी चार लॅपटॉप होते आणि चौघांवर चार तऱ्हा. यादी जुळल्यानंतर मी एक छोटं पॅकेज बनवलं. त्यात प्रोग्राम एकही नाही. फक्त 'कंट्रोल' फाइलीत लिहिलेलं, की मला हे आर लागतं, हा मराठी फॉन्ट लागतो, ही दोन-तीन साधनं लागतात. अशा पॅकेजला मेटापॅकेज म्हणतात. ते टाकलं की बाकीचं आपोआप येतं. चारही लॅपटॉपवर तेच.

पहिल्या प्रयत्नात मी आरपुढे 'बरोबर ४.०.४-१' असं लिहिलं. फार कडक झालं. वितरणाने सुरक्षेची दुरुस्ती सोडली तर रेघेनंतरचा आकडा वाढतो आणि मग माझं पॅकेज ती दुरुस्ती अडवून बसणार. म्हणून बदलून '४.०.४ किंवा पुढचं, पण ४.०.५ च्या आत' असं केलं. मूळ लेखकांचं व्हर्जन बांधायचं, वितरणाच्या दुरुस्तीला वाट ठेवायची. चेंजलॉगमध्ये दोन्ही नोंदी आहेत, पहिली चूकही.

हे मेटापॅकेज, स्क्रिप्ट आणि प्रश्नावली असं सगळं एका गिट भांडारात आहे. प्रत्येक फेरीला एक खूण: 'फेरी-२', 'फेरी-३'. पहिल्या फेरीला खूण लावायचं राहिलं ते राहिलंच. ती नंतर लावली आणि संदेशात 'आभासी संगणकावर पडताळून, मागाहून' असं लिहिलं.

जव्हार-मोखाड्यात गिटचा एक फायदा लगेच कळतो. पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, त्यामुळे कमिट करायला रेंज लागत नाही. रेंज नसेल तर 'गिट बंडल' ने सगळं भांडार एका फाइलीत बांधता येतं आणि पेनड्राइव्हवरून दुसऱ्याला देता येतं. समोरचा ते अगदी नेटवरून ओढल्यासारखं ओढून घेतो. आम्ही आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, असं करायचो.

एक गोष्ट मात्र भांडारात टाकू नका, आणि हे मी जितकं जोरात सांगता येईल तितकं सांगते: लोकांची नावं, घरांच्या खुणा, फोन नंबर. गिट काहीच विसरत नाही. आज फाइल टाकली, उद्या चूक कळून काढली, तरी कालच्या कमिटमध्ये ती आहेच, आणि ते भांडार ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडेही आहे. इतिहासातून एखादी फाइल खरोखर पुसायची तर सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि प्रत्येकाची प्रत बदलावी लागते. त्या घरातल्या माणसाने आपल्याला उत्तरं दिली ती नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर. आमच्या भांडारात फक्त घरांचे क्रमांक आहेत. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी कागदावर, कपाटात, कुलपात. तिला व्हर्जन कंट्रोल नाही, आणि नकोच.

तुमच्या मशीनवर डेबियन किंवा उबुंटू असेल तर आजच एक काम करा. 'डीपीकेजी-क्वेरी -डब्ल्यू' ही आज्ञा, अर्थात रोमन अक्षरांत, चालवा. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव आणि पूर्ण व्हर्जन येईल, शेकडो ओळी. ती यादी एका फाइलीत घ्या, स्क्रिप्टच्या शेजारी ठेवा, कमिट करा. डेबियनची जुनी पॅकेजं स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गवर २००५ पासूनची जपून ठेवलेली आहेत. तुमच्याकडे यादी असेल तर त्या दिवशीचं तेच आर, तोच फॉन्ट पुन्हा मिळवता येतो. यादी नसेल तर ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह शोधावा लागतो.